भर बाजारातलं रेकॉर्डिंग: आवाज आणि दृश्यं कशी टिपावीत

गावच्या गजबजलेल्या बाजारात फोन वर धरून दोन मिनिटं रेकॉर्डिंग केलं, तर नंतर ऐकताना हाती लागतो तो नुसता कल्ला. आरोळ्या, वजनांची खणखण, घासाघीस, शेळ्यांची बें-बें, सगळं त्यात असतं, पण सुटं काहीच कळत नाही. बाजारात उभं असताना मेंदू दोन कानांवरून आवाजाची दिशा ओळखतो, हवा तो पुढे घेतो आणि बाकीचे मागे सारतो. माइकला ही निवड जमत नाही. ती माइक कुठे धरायचा हे ठरवताना आपणच करावी लागते, कॉम्प्युटरवर बसून नंतर फारशी होत नाही. म्हणून बाजार एका दमात टिपायला जाऊ नये. सुटे आवाज जवळून घ्यावेत, पार्श्वभूमी वेगळी घ्यावी आणि शेवटी ते एकमेकांत बसवावेत. चित्रांचंही बरंचसं असंच आहे.

कधी जायचं

बहुतेक जण बाजार ऐन भरात असताना जातात. गर्दीचं चित्र तेव्हा मिळतं, पण सुटा आवाज मिळत नाही. आवाजासाठी सगळ्यात मोलाची वेळ म्हणजे बाजार लागायच्या आधीचा तास. गोणी जमिनीवर आदळतात, खांब ठोकले जातात, ताडपत्रीच्या दोऱ्या ताणल्या जातात, टोपल्या एकमेकींत अडकलेल्या सोडवल्या जातात. या प्रत्येक आवाजाच्या मागेपुढे मोकळी जागा असते आणि तीच नंतर कुठे मिळत नाही. पहिल्या आरोळ्याही याच वेळी सुरू होतात. गळा अजून बसलेला नसतो आणि शेजारचा विक्रेता वरच्या पट्टीत ओरडत नसतो.

दुसरी चांगली वेळ उठत्या बाजाराची. उरलेला माल संपवायची घाई असते, म्हणून आरोळ्या लहान आणि वेगवान होतात, भाव उतरतो. दिवसभराची तीच आरोळी सकाळी आणि संध्याकाळी रेकॉर्ड करून शेजारी शेजारी ठेवली, तर दिवस किती सरला ते सांगायला निवेदन लागत नाही.

मधला भराचा काळ पार्श्वभूमीसाठी आणि गर्दीच्या दृश्यांसाठी ठेवावा. तेव्हा जवळचे आवाज घेण्यात वेळ घालवू नये.

सामान किती

फोनवर काम भागतं, पण त्यातल्या दोन गोष्टी आधी बंद करायला हव्यात. एक म्हणजे गेन, म्हणजे माइककडून येणारा आवाज किती वाढवायचा ते प्रमाण, आपोआप कमी-जास्त होणं. ते चालू असेल तर जवळचा विक्रेता ओरडला की बाकीचा बाजार एकदम दबतो आणि तो थांबला की फुगून वर येतो. बाजार श्वास घेतोय असा हा परिणाम कानाला फार खटकतो आणि नंतर काढता येत नाही. दुसरी गोष्ट, गोंगाट कमी करण्याची सोय. फोन ती बोलणाऱ्यासाठी वापरतो. त्याच्या लेखी गर्दी म्हणजेच गोंगाट. परिणामी माणसं पाण्याखालून बोलल्यासारखी ऐकू येतात. फोनमध्ये आधीपासून असलेल्या रेकॉर्डरमध्ये या सोयी बंद होत नसतील, तर गेन हाताने ठरवू देणारं अ‍ॅप घ्यावं. फोन फ्लाइट मोडवर टाकावा, नाहीतर नेमक्या चांगल्या आरोळीवर मेसेजची टुणटुण येते.

दोन माइकवाला छोटा रेकॉर्डर असेल तर उत्तमच. सेटिंग 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, वेव्ह फाइल (आवाज न दाबता साठवणारी). स्टिरिओत मिनिटाला साधारण 17 एमबी लागतात, म्हणजे तासाला जेमतेम 1 जीबी. कार्डं स्वस्त झालेली असताना एमपीथ्रीमध्ये रेकॉर्ड करण्यात काही अर्थ नाही.

याशिवाय कान पूर्ण झाकणारे हेडफोन, माइकवर घालायची केसाळ टोपी, सुटे सेल आणि वही-पेन. हेडफोन न लावता रेकॉर्डिंग करणं म्हणजे डोळे मिटून फोटो काढणं. माइकला काय ऐकू येतंय ते आपल्या कानाला कळत नाही. हलणारी केबल किंवा माइकमध्ये घुसणारा वारा हेडफोनमध्येच पकडला जातो.

लेव्हल आणि वारा

लेव्हल, म्हणजे रेकॉर्ड होणाऱ्या आवाजाची पातळी, ठरवताना सरासरी आवाज पाहू नये. सगळ्यात मोठ्या आवाजाची, म्हणजे आरोळीच्या टोकाची किंवा वजन आदळण्याची वाट पाहावी. तेव्हा मीटरचा काटा उणे 12 डेसिबलच्या आसपास गेला पाहिजे (मीटरवर शून्य ही वरची मर्यादा). मग साधं बोलणं उणे 24 ते उणे 18 मध्ये बसतं. ऐकताना ते हळू वाटेल. घाबरू नये. 24 बिटमध्ये नंतर आवाज वाढवला तरी खरखर फारशी वाढत नाही, पण एकदा शून्याच्या वर जाऊन फाटलेला आवाज नीट होत नाही. 32 बिट फ्लोटचे, म्हणजे शून्याच्या वरचा आवाजही फाइलीत न फाटता साठवणारे रेकॉर्डर यातून सुटका करतात, तरी पूर्ण नाही: कर्ण्यासमोर आवाज माइकमध्येच फाटला तर फाइल काहीच करू शकत नाही. एकदा लेव्हल ठरली की तो आवाज संपेपर्यंत बटणाला हात लावू नये.

वारा हा मोकळ्यावरच्या रेकॉर्डिंगचा पहिला शत्रू. आपल्या गालाला जाणवतही नाही अशी झुळूक माइकला ढबढब ऐकू येते. फोमची टोपी घरात ठीक. उघड्यावर केसाळच हवी. 80 हर्ट्झच्या खालचा भाग कापणारा लो-कट चालू ठेवावा. त्याने जनरेटरची घरघर, हाताची थरथर आणि लांबच्या ट्रकची गुरगुर बरीच कमी होते. मात्र वाऱ्याने आधीच फाटलेला आवाज लो-कटने शिवला जात नाही. वारा वाहत असेल तर गाळ्याच्या आडोशाला जावं किंवा वाऱ्याकडे पाठ करून माइक छातीजवळ धरावा.

केसाळ टोपीचा एक उपद्रव आहे. शेळ्यांना ती चघळावीशी वाटते आणि कुत्र्यांना तिच्यावर भुंकावंसं वाटतं. जनावरांच्या भागात माइक कमरेच्या वर ठेवावा आणि त्यांच्या डोक्याच्या पातळीवर एकदम पुढे करू नये. बुजलेलं जनावर दाव्याला हिसडे देतं आणि आजूबाजूची माणसं वैतागतात ती वेगळीच.

जवळचे आवाज

इथे एकच हिशोब पाठ करावा: आवाजापासूनचं अंतर निम्मं केलं की तो सुमारे 6 डेसिबलने वाढतो, पण भोवतीच्या गर्दीचा आवाज जवळजवळ तेवढाच राहतो. दोन मीटरवरून अर्ध्या मीटरवर आलं तर आरोळी गर्दीच्या तुलनेत आधीपेक्षा 12 डेसिबल वर उठते. कुठलंही सॉफ्टवेअर इतकं स्वच्छ काम करत नाही. म्हणून लांबचा आवाज ओढणाऱ्या झूम माइकचा नाद सोडून पायांनी पुढे जावं.

आरोळी घेताना माइक तोंडाच्या थेट समोर नको. विक्रेता बसलेला असेल तर आपणही बसावं, माइक त्याच्या हनुवटीच्या पातळीवर, जरा बाजूला, 40 ते 50 सेंटीमीटरवर धरावा. समोर धरला तर ‘प’, ‘भ’ सारख्या अक्षरांची फुंकर आदळते. कार्डिऑइड प्रकारचा, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा माइक असेल तर त्याला पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकू येतं. त्यामुळे नको असलेला कर्णा माइकच्या बरोबर पाठीशी येईल अशी जागा शोधावी. विक्रेत्याच्या डावीऐवजी उजवीकडे बसल्याने कधी कधी सगळा फरक पडतो. हाच माइक पाचदहा सेंटीमीटरवर नेला की आवाज घुमतो, जाड होतो; तेवढं जवळ जाऊ नये.

आरोळी ही फिरत राहणारी गोष्ट आहे: मालाचं नाव, भाव, कधी एखादी फिरकी, मग श्वास आणि पुन्हा सुरुवात. एकदाच ऐकून रेकॉर्डिंग थांबवलं तर नेमका श्वास किंवा शेवटचं अक्षर कापलं जातं. किमान पाच-सहा फेऱ्या घ्याव्यात, सुरुवातीआधी दहा सेकंद आणि संपल्यावर दहा सेकंद माइक चालूच ठेवावा. ती मागची-पुढची दहा सेकंद जोडकामाला लागतात.

परवानगी आधी घ्यावी, हे सांगायला नको. अडचण अशी की विचारल्यावर माणूस सावध होतो आणि पहिल्या दोन-तीन आरोळ्या नाटकात काम केल्यासारख्या देतो. यावर उपाय म्हणजे थांबणं. पहिलं गिऱ्हाईक आलं की तो आपल्याला विसरतो आणि खरी आरोळी सुरू होते. मधल्या वेळात त्याच्याकडून खरेदी करावी, गाळ्यासमोरची वाट अडवू नये, आणि गिऱ्हाईक उभं राहिलं की आपण बाजूला व्हावं. त्याचा धंदा बुडवून रेकॉर्डिंग मिळत नसतं.

आरोळ्यांच्या मागे सगळे लागतात आणि हातांचे आवाज राहून जातात. तेच बाजाराला वजन देतात. दांडीच्या तराजूचं पारडं जमिनीला टेकण्याचा आवाज, लोखंडी वजन वजनावर ठेवल्याची टणक, धान्य मापात पडताना आधी पोकळ आणि माप भरत आल्यावर चढत जाणारा सूर, चिल्लर डब्यात पडणं, कागदी पुडी बांधताना दोरा गुंडाळणं, पालेभाजीवर पाणी शिंपडणं. हे सगळे हळू आवाज आहेत. माइक 20-30 सेंटीमीटरवर हवा आणि त्यांच्यासाठी लेव्हल वेगळी लावावी लागते. धान्याच्या मापाचा चढता सूर नीट ऐकू यायचा तर माप रिकामं असल्यापासून काठोकाठ भरेपर्यंत पूर्ण घ्यावं. मधून सुरू केलेलं रेकॉर्डिंग निरुपयोगी ठरतं. इलेक्ट्रॉनिक काट्याची पीप तीक्ष्ण असते आणि मिक्समध्ये टोचते, म्हणून ती दीड-दोन मीटरवरून घेतलेली बरी.

कर्ण्यावर गाणं वाजत असेल तर तिथे जवळचे आवाज घेऊच नयेत. हक्कांचा प्रश्न तर आहेच, पण जोडकामाचाही आहे. मागे गाणं असलेलं रेकॉर्डिंग कुठेही कापलं तरी गाणं उडी मारतं आणि काप उघडा पडतो. गाणं संपेपर्यंत थांबावं किंवा दुसऱ्या गल्लीत जावं.

पार्श्वभूमी

पार्श्वभूमीचा माइक गर्दीच्या मधोमध ठेवणं ही ठरलेली चूक. तिथे चारी बाजूंनी सारखाच आवाज येतो आणि लगदा होतो. दोन गल्ल्या मिळतात तो कोपरा, गाळ्यांच्या रांगेचं टोक किंवा विक्रेत्याच्या पाठीमागची जागा निवडावी. पाठीमागून आरोळी आपल्यापासून दूर, गर्दीकडे जाताना ऐकू येते आणि बाजाराची खोली कळते. धान्य, भाजी, भांडी, जनावरं अशा प्रत्येक भागाचा नूर वेगळा असतो. भांड्यांच्या गल्लीत सगळं खणखणतं, कापडाच्या गल्लीत कापडच आवाज शोषतं आणि बोलणं जवळ आल्यासारखं वाटतं. प्रत्येक भागात तीन ते पाच मिनिटं, माइक न हलवता.

माइक हातात धरू नये. श्वास, बांगड्या, बाहीची सळसळ, सगळं येतं. छोट्या स्टँडवर किंवा खांबाला बांधून, माणसांच्या डोक्याच्या थोडं वर ठेवला की शेजारून जाणाऱ्या दोघांच्या गप्पा इतक्या स्पष्ट येत नाहीत. कोणाचं खासगी बोलणं नकळत रेकॉर्ड होऊ नये म्हणूनही हे बरं. भररस्त्यात तिपाई उभी करू नये. डोक्यावर ओझं असलेल्या माणसाला पायाखालचं दिसत नाही.

प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला हळू आवाजात वेळ, जागा आणि माइकचं तोंड कुठे आहे ते बोलून ठेवावं. सत्तर फाइली झाल्या की ‘बाजार नवीन 34’ मध्ये काय आहे ते कोणालाच सांगता येत नाही.

दृश्यं: ताडपत्रीचा रंग

आवाजाचं काम झाल्यावर कॅमेरा काढावा. दोन्ही एकदम करायला गेलं की दोन्ही अर्धवट होतात.

बाजाराच्या फोटोंचं सगळ्यात जास्त नुकसान ताडपत्री करते. निळ्या ताडपत्रीखाली येणारा प्रकाशच निळा असतो. त्यात लाल रंग फार थोडा उरतो, आणि टोमॅटोकडे परत फेकायला लालच नसेल तर तो काळपट दिसणार. माणसांचे चेहरे आजारी दिसतात. लाल ताडपत्रीखाली उलटं होतं: माल आहे त्याहून लालभडक दिसतो. कॅमेऱ्याचा आपोआप होणारा व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून होणारी रंगांची दुरुस्ती, इथे गोंधळतो. ताडपत्रीखालीच पांढरा किंवा करडा कागद धरून व्हाइट बॅलन्स हाताने सेट करावा आणि शक्य असेल तर रॉ फाइल (नंतर रंग बदलायला मोकळीक देणारी कच्ची फाइल) काढावी. तरीही माणूस अर्धा उन्हात आणि अर्धा ताडपत्रीखाली असेल तर एका सेटिंगने दोन्ही बाजू सुधारत नाहीत. अशा वेळी त्याला पूर्ण आत किंवा पूर्ण बाहेर असतानाच टिपावं. पांढरी किंवा फिकट ताडपत्री मात्र मोठी मदत करते. भर दुपारचं ऊन तिच्यातून गाळून मऊ येतं. दुपारी तिथेच ठाण मांडावं.

ताडपत्रीखालचा आणि बाहेरचा प्रकाश यांत तीन-चार स्टॉपचा, म्हणजे आठ ते सोळा पटींचा फरक सहज असतो. मागे उन्हातली गल्ली आली की चेहरा काळा पडतो. पार्श्वभूमीला दुसरा गाळा किंवा गोण्यांची थप्पी येईल असं उभं राहावं. सकाळी ऊन तिरपं असताना हीच अडचण उपयोगी पडते: सूर्याकडे तोंड करून उभं राहिलं की धूळ, वाफ आणि उडणारा भुसा उजळून दिसतो.

विक्रेते बहुधा जमिनीवर बसलेले असतात. उभ्याने काढलेल्या फोटोत त्यांची टाळू दिसते. गुडघे टेकावेत, डोळ्यांच्या पातळीला यावं. फोनचा मुख्य कॅमेरा किंवा 35 मिलिमीटरची लेन्स अरुंद गल्लीत पुरेशी आहे. फोनचा डिजिटल झूम वापरू नये, नुसतं चित्र फाटतं.

शटरचा वेग कामाप्रमाणे ठरवावा. देवघेव करणारे हात गोठवायला 1/250 सेकंद. ओतल्या जाणाऱ्या धान्याचा दाणा न् दाणा हवा असेल तर 1/1000. धार हवी असेल तर 1/30, फक्त कॅमेरा टेकवून. जाणाऱ्या हातगाडीबरोबर 1/30 ला कॅमेरा फिरवला की गाडी स्पष्ट आणि गर्दी पुसट येते. पहिले दहा फोटो वाया जातात, ते जाऊ द्यावेत.

संध्याकाळी दिवे लागले की व्हिडिओत पट्टे फिरताना दिसतात. 50 हर्ट्झच्या विजेवर साधा एलईडी सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो. शटर 1/50 किंवा 1/100 वर ठेवलं की पट्टे जातात. 60 हर्ट्झच्या देशात 1/60 किंवा 1/120. प्रत्येक शॉट किमान दहा सेकंद न हलवता धरावा. गल्लीभर कॅमेरा फिरवत चालत जाणं टाळावं, त्यातलं कापून वापरण्याजोगं काही निघत नाही.

मुलांचे चेहरे पालकांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. मोजल्या जाणाऱ्या नोटा, पैसे देण्याचे कोड आणि पाट्यांवरचे फोन नंबर चौकटीबाहेर ठेवावेत. जनावरांवर फ्लॅश मारू नये.

जुळवणी

घरी आल्यावर त्याच दिवशी फाइलींना नावं द्यावीत आणि दोन ठिकाणी प्रती ठेवाव्यात. मूळ फाइलीत काही बदलू नये. काम प्रतीवर करावं.

तळाला एकाच भागाची पार्श्वभूमी, तिच्यावर हातांचे आवाज, सगळ्यात वर आरोळी. एका वेळी समजेल असं बोलणं दोनच असावं. तिसरं आलं की पुन्हा लगदा. एका भागातून दुसऱ्यात जाताना पार्श्वभूमी दोन-तीन सेकंद एकमेकींवर चढवून बदलावी. पार्श्वभूमी कमी पडली आणि तीच पुन्हा जोडली, तर तिच्यातली ओळखीची खूण, एखादा शिट्टीसारखा हॉर्न किंवा खोकला, आधी कापून टाकावी. दर चाळीस सेकंदांनी तोच माणूस खोकला की ऐकणारा लगेच पकडतो.

व्हिडिओला वेगळं रेकॉर्ड केलेला आवाज लावायचा असेल तर सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवून ठेवावी. लांबच्या दृश्यात आवाज उशिरा येतो. हवेत तो सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे 34 मीटरवरच्या घणाचा घाव आणि आवाज यांत सेकंदाच्या दहाव्या भागाचं अंतर पडतं. 25 फ्रेमच्या व्हिडिओत ते अडीच फ्रेम होतं आणि डोळ्याला दिसतं. जवळचं दृश्य असेल तर आवाज ओढून जुळवावा. लांबचं असेल तर थोडा उशीर राहू द्यावा, त्याने अंतर खरं वाटतं.

शेवटी सगळं एकदा फोनच्या छोट्या स्पीकरवर ऐकावं, कारण बहुतेक लोक तिथेच ऐकणार. तिथे सुमारे 200 हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काहीच उरत नाही: गोणी आदळल्याचा धप्पकन आवाज नाहीसा होतो आणि पारड्यांची खणखण मात्र पुढे येते. गोणीच्या आवाजात तागाच्या घासण्याची खरखर असलेलं दुसरं रेकॉर्डिंग मिसळलं की ती छोट्या स्पीकरवरही ऐकू येते, आणि पारडी दोन-तीन डेसिबल खाली घेतली की आरोळी पुन्हा वर येते.